वीजदर ठरतो कसा आणि त्यात आम्ही तुमच्यासाठी काय करतो

सोलापुरातील यंत्रमाग, टॉवेल, गारमेंट, सायझिंग आणि रंगाई कारखानदारांसाठी माहितीपत्रक

“साहेब, वीज आपल्या आहेरवाडीत तयार होते, धूर आपल्याकडं, मग युनिट आपल्याला स्वस्त का नाही?”

आमच्याकडे पहिल्यांदा येणारे मालक हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट कळले की आमचे काम काय तेही कळते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आहेरवाडी-फताटेवाडीचा एनटीपीसीचा प्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे, ६६० मेगावॅटचे दोन संच. ही कंपनी केंद्र सरकारची, त्यामुळे तिच्या विजेचा दर दिल्लीतला केंद्रीय विद्युत नियामक आयोग ठरवतो. महावितरण अशा अनेक प्रकल्पांकडून वीज घेते, सगळा खर्च एका हंड्यात ओतते, त्यात वहनाचा आणि वितरणाचा खर्च मिसळते आणि त्या एकत्र खर्चावरून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग प्रत्येक वर्गाचा दर ठरवतो. वर्ग एक असला की दर एक. साखर पेठेतला माग असो, इचलकरंजीचा असो की मालेगावचा, दरपत्रक तेच. प्रकल्पाच्या जवळ राहिल्याने वीज स्वस्त मिळत नाही, तसेच प्रकल्पापासून लांब राहणाऱ्याला ती महागही पडत नाही. विजेच्या नकाशावर सोलापूरचे स्थान मात्र मोठे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचे जाळे, उरलेल्या देशाशी जोडले गेले. देशाचे एक ग्रिड झाले ते आपल्या गावाच्या दारात.

आता प्रश्न असा, की हा दर मुळात कोणी ठरवावाच का? सुताचा भाव बाजार ठरवतो, टॉवेलचाही. पण एका गल्लीत दोन कंपन्या आपापले खांब रोवत नाहीत. तारा एकाच कंपनीच्या, म्हणजे ग्राहकाला दुसरे दुकान नाही. दुसरे दुकान नसताना भाव मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, म्हणून कायद्याने मध्ये नियामक बसवला. राज्याचा आयोग १९९९ मध्ये आला, विद्युत कायदा २००३ मध्ये, आणि जून २००५ मध्ये जुन्या वीज मंडळाचे निर्मिती, पारेषण आणि वितरण असे भाग झाले. नियामकासमोर बसून “चांगली चालवलेली कंपनी असती तर हा खर्च किती आला असता?” आणि “त्यातला कोणता वाटा कोणी द्यायचा?” हे दोन प्रश्न आकड्यांनी सोडवणे, हे वीज नियमनातल्या अर्थतज्ज्ञाचे काम. मोठ्या कंपन्यांकडे असे तज्ज्ञ पगारावर असतात. पन्नास-शंभर माग चालवणाऱ्याकडे कोणी नसते. ही उणीव भरून काढायची, एवढ्यासाठी आम्ही सोलापुरात हे छोटे कार्यालय काढले.

खर्चाचे दोन ढीग

औष्णिक प्रकल्पाच्या दराचे दोन भाग असतात, स्थिर आणि बदलता. शेडचे भाडे माग चालो न चालो द्यावेच लागते, सूत मात्र विणाल तेवढेच लागते. तसेच इथे. प्रकल्प बांधायला घेतलेले कर्ज, त्यावरचे व्याज, घसारा, पगार, देखभाल हे शेडचे भाडे. कोळसा हे सूत. केंद्रीय आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रकल्प साधारण ८५ टक्के वेळ वीज द्यायला तयार असला की त्याला पूर्ण स्थिर आकार, म्हणजे स्थिर भागाचे सगळे पैसे, मिळतो. वीज प्रत्यक्षात कमी उचलली तरी मिळतो. आणि रोजची वीज मागवताना ज्याचा बदलता खर्च कमी त्या प्रकल्पाला आधी हाक जाते. दूरवरून रेल्वेने कोळसा आणणाऱ्या प्रकल्पाचा नंबर त्यामुळे मागे पडू शकतो, आणि तरीही त्याचे भाडे चालूच राहते.

महाराष्ट्राने याची किंमत एकदा मोजली आहे. दाभोळच्या प्रकल्पाशी वीज मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये करार केला, पुढे तो नव्याने वाटाघाटी करून बदलला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. करार डॉलरशी बांधलेला, इंधन नाफ्ता, आणि वीज उचला न उचला, स्थिर आकार देणे भाग. पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या अभ्यासकांनी त्या कराराचे आकडे सोडवून लोकांसमोर मांडले होते. महाराष्ट्रात वीजदराचा हिशेब सामान्य माणसानेही मागावा, ही रीत पडली त्यात अशा कामाचा मोठा वाटा आहे. आम्ही स्वतःला त्याच रांगेतले मानतो.

परताव्याचा मोह

नियमनात एक खोच आहे, ती समजली की वीज कंपनीचा दरवाढीचा अर्ज वाचण्याची नजरच बदलते. कंपनीला खर्च भरून मिळतो आणि गुंतवलेल्या भांडवलावर ठरलेला परतावा मिळतो. समजा १०० कोटींचे काम झाले. नेहमीच्या ७०:३० प्रमाणाने ७० कोटी कर्ज आणि ३० कोटी भागभांडवल धरले जाते. केंद्रीय आयोगाचा औष्णिक प्रकल्पासाठीचा मूळ दर १५.५ टक्के आहे, म्हणजे वर्षाला ४ कोटी ६५ लाखांचा परतावा. आता हेच काम कंपनीला ८० कोटींत करता येत असेल, तर ते ८० मध्ये करण्यात तिचा फायदा काय? उलट परतावा घटतो. ॲव्हर्च आणि जॉन्सन या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्ये ही गोष्ट गणिताने दाखवली, की परतावा भांडवलावर मिळत असेल तर कंपनीचा कल गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतण्याकडे जातो. त्यात लबाडी असेलच असे नाही, नियमाचीच रचना तिकडे ढकलते. म्हणून आम्ही अर्जातली भांडवली कामांची यादी आधी उघडतो. नवे उपकेंद्र कोणत्या मागणीसाठी, ती मागणी खरोखर आली का, काम वेळेत पूर्ण झाले का, आणि उशिराचे व्याज ग्राहकावर का?

गळतीचेही तसेच. कंपनीने १०० युनिट ५ रुपयांनी विकत घेतले आणि बिल झाले ८५ चे, तर प्रत्येक बिल झालेल्या युनिटवर खरेदीचा बोजा ५ रुपये ८८ पैसे. आयोगाने गळतीची मर्यादा १२ टक्के ठरवली असेल तर हाच बोजा ५ रुपये ६८ पैसे. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत.) मधले २० पैसे कोणाच्या खिशातून जायचे, यावर सुनावणीत खरा वाद होतो. मर्यादेबाहेरची गळती कंपनीच्या व्यवस्थापनाची, ती प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्या माथी येता कामा नये, असे आमचे ठाम मत आहे.

तुमच्या टेबलावरचे बिल

दर मुंबईत ठरतो हे खरे, पण बिल कारखान्यातही घडते. बहुतेक मालक बिलाचा खालचा आकडा पाहतात आणि घडी घालून ठेवतात. आम्ही आधी मागणी पाहतो, म्हणजे केव्हीएचा रकाना. एका वेळी तुम्ही किती वीज ओढता, त्याचे हे माप.

मीटर तुमची कमाल मागणी सलग अर्ध्या तासाच्या वापरावरून धरतो. दुपारी लाइट गेली, वीस मिनिटांनी आली, आणि फोरमनने सगळे माग, कॉम्प्रेसर आणि रंगाईची मोटर एकदम चालू केली. मशिन अर्धा तास एकत्र ओढत राहिल्या की महिन्याची मागणी तिथे ठरली. मंजूर मागणी ओलांडली तर वरच्या प्रत्येक केव्हीएला दीडपट आकार. उच्चदाब ग्राहकाला तर मागच्या अकरा महिन्यांतली सर्वाधिक मागणीही सोडत नाही. समजा थंडीत चादरीची ऑर्डर जोरात होती आणि मागणी १०० केव्हीएवर गेली. पावसाळ्यात निम्मे माग बंद, मागणी ५० च. तरी बिलाची मागणी किमान ७५ धरली जाणार, कारण मागच्या कमालीचे ७५ टक्के हा नियम आहे. अर्ध्या तासाची घाई वर्षभर पुरते. माग चार टप्प्यांत, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करायची सवय लावली तर त्याला पैसा लागत नाही. फोरमनला कारण समजावून सांगितले की तो ती पाळतो, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा रकाना पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या विजेतला किती वाटा खऱ्या कामाला लागला त्याचा. उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या सगळ्या विजेवर, बिल येते. मशिनने खरे ९,००० युनिट वापरले आणि पॉवर फॅक्टर ०.९० असला तर बिल १०,००० चे. ते वरचे हजार युनिट कापड विणत नाहीत. पॉवर फॅक्टर सावरणाऱ्या कपॅसिटर पॅनेलमधले दोन-तीन कपॅसिटर उडालेले असतात आणि पॅनेलचे दार महिनोन् महिने कोणी उघडलेले नसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ते लवकर जातात. महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटर लावून बघा.

तिसरी गोष्ट वेळेची. वर्षानुवर्षे उद्योगाला रात्रीची वीज स्वस्त होती, म्हणून आपल्याकडे रात्रपाळी रुजली. आता हिशेब फिरतो आहे. दिवसा सौर वीज मुबलक येते, ताण येतो तो संध्याकाळी, सूर्य गेल्यावर. केंद्राने जून २०२३ मध्ये नियम केला, की सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि उद्योगांसाठी गर्दीच्या तासांतला दर किमान १.२ पट. १० किलोवॅटवरील औद्योगिक ग्राहकांसाठी मुदत होती १ एप्रिल २०२४. राज्यात नेमके तास आणि पैसे किती, हे आयोगाच्या त्या त्या वेळच्या आदेशातच पाहायचे. पाळ्या बदलण्यापूर्वी आम्हाला विचारा, कारण कामगारांची सोय, रात्रीचा भत्ता आणि विजेची बचत हे तिन्ही एका कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. नुसती वीज वाचवायला जाऊन कसबी विणकर गमावणे परवडत नाही.

सवलत म्हणजे दर नव्हे

यंत्रमागाला दरपत्रकात वेगळा वर्ग आहे आणि त्यावर राज्य सरकारची सवलत असते. ती देताना २७ अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असा भेद केला जातो. या दोन गोष्टी मालकांच्या मनात एक झालेल्या असतात, त्यांना वेगळे ठेवा. दर आयोग ठरवतो. सवलत सरकार देते, आणि कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे तिचे पैसे सरकारने आगाऊ द्यायचे असतात. न दिल्यास आयोगाने ठरवलेलाच दर लागू होतो. म्हणून बिल अचानक वाढले की आधी पाहा, दर वाढला की सवलत निघाली? दरासाठी आयोगाकडे जायचे, सवलतीसाठी वस्त्रोद्योग खात्याकडे. चुकीच्या दारात दिलेले निवेदन कितीही कळकळीचे असले तरी उपयोगाचे नाही.

मोठा उद्योग आणि दुकानदार आपल्या खर्चापेक्षा जास्त देतात, त्यातून शेतीपंप आणि गरीब घराला कमी दर मिळतो. ही क्रॉस सबसिडी. २०१६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने दर सरासरी खर्चाच्या वरखाली २० टक्क्यांत ठेवायला सांगितले आहे. शेतकऱ्याला मदत नको असे आम्ही कधीच म्हणणार नाही, तुमच्यातले निम्मे अजून गावच्या रानाशी बांधलेले आहेत. मदत सरकारच्या तिजोरीतून, उघडपणे व्हावी, एवढेच आमचे म्हणणे.

सुनावणी

दरवाढीचा अर्ज आला की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा, असे कलम ६४ सांगते. हरकत कोणीही घेऊ शकतो, वकील लागत नाही. सोलापूरकराला जवळची सुनावणी सहसा पुण्याची.

पहिल्या वर्षी आम्ही चांगलेच शिकलो. एका कारखानदारांच्या गटाची बाजू मांडताना आम्ही मंदी, सुताचे भाव, बंद पडलेले माग, कामगारांचे हाल असे सगळे पोटतिडकीने सांगितले. खरे होते ते. मग समोरून शांतपणे विचारले गेले, “अर्जातल्या कोणत्या तक्त्यातला कोणता आकडा तुम्हाला मान्य नाही?” आमच्याकडे उत्तर नव्हते. परतीच्या गाडीत कोणी बोलले नाही. तेव्हापासून आमच्या हरकतीच्या पहिल्या ओळीत तक्त्याचा क्रमांक असतो, दुसऱ्या ओळीत आमचा आकडा, आणि व्यथा त्यानंतर. व्यथा गाळत नाही. पण आदेशात उत्तर मिळते ते आकड्याला.

आदेश पटला नाही तर अपिलीय न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येते. बिलाची वैयक्तिक तक्रार असेल तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मुदत टळली की उत्तम केसही बुडते.

आमच्याकडून काय होईल, काय नाही

तुमच्या बिलांची तपासणी आणि मंजूर मागणीचा सल्ला, छतावरच्या सोलरचा खरा परतावा काढून देणे, संघटनेतर्फे दरसुनावणीची हरकत लिहिणे आणि मांडणे, ही आमची कामे. फी आधी ठरवून लेखी देतो. बचतीतला टक्का घेत नाही, कारण मग आमच्याच तोंडून बचत फुगवून सांगितली जाईल. कोणत्याही वीज कंपनीचे किंवा सोलर विक्रेत्याचे काम आम्ही घेत नाही. “वरून करून द्या” असे म्हणणाऱ्यांनी कृपया दुसरीकडे जावे.

दहा माग किंवा त्याहून कमी असलेल्यांची पहिली तपासणी मोफत आहे. येताना सलग १३ महिन्यांची बिले आणा. बारा नव्हे, तेरा, म्हणजे मागच्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवून पाहता येतो. मंजूर भाराचे पत्र, उच्चदाब असल्यास मीटरचा एमआरआय रिपोर्ट (मीटरमधल्या नोंदींचा उतारा), आणि कोणत्या पाळीत किती माग चालतात याची हाताने लिहिलेली यादी चालेल. फोरमनला सोबत आणले तर फारच बरे. दिवसा कारखाना सोडून येता येत नसेल तर संध्याकाळी या. आठपर्यंत कार्यालय उघडे असते.