क्लाउडचा ॲक्सेस एपीआयने देताना-घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कुठे अडतो

दिवसाआड कुणीतरी उघडा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतं. स्क्रीनवर ४०३ (म्हणजे नकार) आणि तोंडी ठरलेलं वाक्य: "काल परवानगी दिली होती ना? मग आज का अडवतंय?" परवानगी दिलेली असते, हे खरं. एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने क्लाउडशी बोलायच्या खिडकीने, २०० असं उत्तरही दिलेलं असतं. पण ते २०० म्हणजे खिडकीवर मारलेला पोचेचा शिक्का. कागद मिळाला, वाचता आला, फायलीला लावला, एवढंच तो सांगतो. नाव भलत्याचंच पडलंय की जागा चुकलीय, हे कळतं ते अर्जदार दारात जाऊन उभा राहिल्यावर.

नेहमीच्या पायऱ्या एका ओळीत: टोकन किंवा ॲक्सेस की (ओळख पटवणारा गुप्त संकेत) घ्या, रिक्वेस्ट तयार करा, पाठवा. (इथे सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष रिक्वेस्टमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, काना-मात्रा इकडची तिकडे न होता द्यावी लागतात.) बाकीचा लेख लोक जिथे ठेचकाळतात त्या जागांबद्दल आहे.

अर्ज कुठल्याही क्लाउडचा असो, रकाने तीनच: कोणाला, काय करायला आणि कशावर. मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर त्यांना प्रिन्सिपल, रोल डेफिनिशन आणि स्कोप म्हणतं. गूगल क्लाउडमध्ये सदस्य आणि रोल (परवानग्यांचा गठ्ठा) यांची जोडी म्हणजे बाइंडिंग, आणि ती ज्या प्रोजेक्टच्या किंवा बकेटच्या (फाइली ठेवायच्या जागेच्या) पॉलिसीत, म्हणजे परवानग्यांच्या यादीत, असते तो तिसरा रकाना. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसमध्ये ॲक्शन आणि रिसोर्स पॉलिसीत लिहायचे आणि ती पॉलिसी युजरला किंवा रोलला (इथे रोल म्हणजे धारण करायची ओळख) जोडायची.

पात्रता कोणाची

पहिला गैरसमज इथलाच. मशीन उभी करता येते, डेटाबेस पाडता येतो, म्हणजे दुसऱ्याला ॲक्सेसही देता येईल असं लोक धरून चालतात. तसं नाही. ॲझ्युरमध्ये कॉन्ट्रिब्यूटर जवळजवळ सगळं करू शकतो, पण रोल वाटू शकत नाही. त्यासाठी ओनर किंवा युजर ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेटरसारखा रोल लागतो. गूगलकडे प्रोजेक्टचा एडिटरही तसाच: हाताखाली सगळं सामान, पण प्रोजेक्टची आयएएम पॉलिसी, म्हणजे कोणाला काय करता येईल ती यादी, बदलण्याचा हक्क नाही.

उलटी गंमतही आहे. ॲझ्युरच्या स्टोरेज अकाउंटचा ओनर असलात तरी तेवढ्यावर, तुमच्या स्वतःच्या लॉगिनने, आतला ब्लॉब (म्हणजे फाइल) वाचता येत नाही. अकाउंट सांभाळणं वेगळं आणि आतला डेटा वाचणं वेगळं. वाचण्यासाठी स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर हा निराळा रोल घ्यावा लागतो. मालकाला स्वतःच्याच घरात शिरायला अर्ज करावा लागतो, हे लोकांच्या पचनी पडत नाही.

दुसरी पात्रता लपलेली असते. नवीन मशीन किंवा फंक्शन चालू करताना तुम्ही त्याला एखादी ओळख देता, म्हणजे रोल किंवा सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नव्हे, प्रोग्रामचं खातं). मशीन बनवायचा हक्क असला तरी ती ओळख तिच्या हाती सोपवायचा हक्क स्वतंत्र असतो. एडब्ल्यूएसमध्ये तो पासरोल, गूगलमध्ये ॲक्टॲज. एररमध्ये हे नाव स्पष्ट छापलेलं असतं. तरी अर्जदार पुन्हा मशीन बनवायचीच परवानगी मागतो, कारण तो मशीन बनवत असतो ना! ही अट कटकटीची वाटते, पण ती नसती तर कुणीही नवख्याने ॲडमिनची ओळख लावलेली मशीन उभी करून मागच्या दाराने सगळे हक्क मिळवले असते.

जो कागद कुणाकडेच नसतो

ॲझ्युरमध्ये एखाद्या ॲप्लिकेशनला रोल द्यायचा असेल तर प्रिन्सिपल आयडी लागतो. अर्जदार ॲप रजिस्ट्रेशनच्या पानावर जातो. तिथे त्याला ॲप्लिकेशन आयडी दिसतो, तो तो चिकटवतो, अर्ज परत येतो: असा प्रिन्सिपल सापडत नाही. मग कुणीतरी सांगतं, "अरे, ऑब्जेक्ट आयडी लागतो." त्याच पानावर ऑब्जेक्ट आयडीही असतो. तो चिकटवतो. पुन्हा परत! कारण त्या पानावरचा ऑब्जेक्ट आयडी हा ॲपच्या नोंदणीचा आहे. आपल्याला हवा आहे त्या ॲपच्या सर्व्हिस प्रिन्सिपलचा (ॲप ज्या ओळखीने आत येतं तिचा) ऑब्जेक्ट आयडी, आणि तो एंटरप्राइज ॲप्लिकेशन्स नावाच्या दुसऱ्याच यादीत असतो. तिन्ही आयडी ३६ अक्षरांचे, तिन्ही डोळ्यांना सारखेच. दोन क्रमांकांना एकच नाव देणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

आयडी बरोबर असूनही कधी कधी हेच उत्तर येतं. सर्व्हिस प्रिन्सिपल आत्ताच बनवला असेल तर त्याची नोंद सगळीकडे पोचलेली नसते. रिक्वेस्टमध्ये प्रिन्सिपलटाइप हा रकाना सर्व्हिसप्रिन्सिपल असा भरून टाका. तो ऐच्छिक आहे म्हणून बहुतेक जण मोकळा सोडतात आणि मग स्क्रिप्टमध्ये झोप घ्यायची (थोडं थांबायची) ओळ घालत बसतात.

एडब्ल्यूएसकडे अडणारा कागद म्हणजे रिसोर्सचा पूर्ण पत्ता, आर्न. एस-थ्री (एडब्ल्यूएसची फाइली साठवायची सेवा) बकेटचं उदाहरण घ्या. एकाच बकेटचे दोन पत्ते होतात: एक नुसत्या बकेटच्या नावाचा आणि एक त्यापुढे तिरपी रेघ आणि तारा असलेला. बकेटमधली यादी पाहायची परवानगी (लिस्टबकेट) पहिल्यावर चालते, फाइल वाचायची (गेटऑब्जेक्ट) दुसऱ्यावर. लोक दोन्ही परवानग्या ताऱ्याच्या पत्त्यावर लावतात. पॉलिसी मुकाट्याने जतन होते. फाइलचं पूर्ण नाव माहीत असेल तर ती मिळते, यादी मागितली की नकार. त्यावर कडी म्हणजे, यादीचा हक्क नसताना बकेटमध्ये नसलेलीच फाइल मागितली तर "फाइल नाही" असं ४०४ येत नाही, ४०३ येतं. आतमध्ये काय आहे आणि काय नाही हे परक्याला कळू नये म्हणून. माणूस मात्र दुपारभर परवानग्या तपासत बसतो, आणि चूक असते फाइलच्या नावातल्या एका अक्षराची.

तारखेचा रकाना

एडब्ल्यूएसच्या पॉलिसीत सर्वात वर व्हर्जन असतं आणि त्यापुढे २०१२-१०-१७ अशी तारीख. ही पाहिली की नीटनेटक्या माणसाचा हात शिवशिवतो. इतकी जुनी तारीख? तो आजची घालतो आणि अर्ज फेटाळला जातो. ती अर्जाची तारीख नाही, पॉलिसी ज्या भाषेत लिहिली आहे त्या भाषेच्या आवृत्तीचं नाव आहे. चालणाऱ्या तारखा दोनच: २०१२-१०-१७ आणि तिच्या आधीची २००८-१०-१७.

फेटाळला गेला तर एक वेळ बरं. ती ओळच काढून टाकली तर जास्त वाईट, कारण मग जुनी २००८ची आवृत्ती धरली जाते. "प्रत्येकाला स्वतःच्या नावाचा फोल्डर" यासाठी पॉलिसीत युजरनेमचं व्हेरिएबल (ज्याच्या जागी प्रत्येकाचं नाव आपोआप येतं) घातलेलं असेल, तर जुन्या आवृत्तीत ते व्हेरिएबल राहत नाही, नुसता मजकूर होतो. डॉलर आणि महिरपी कंसासकट त्याच नावाचा फोल्डर ती शोधते. शिक्का मात्र मिळालेला असतो.

गूगलकडे हाच रकाना आकड्याचा आहे. अट घातलेली बाइंडिंग असेल, उदाहरणार्थ "अमुक तारखेपर्यंतच", तर पॉलिसी वाचतानाच व्हर्जन ३ मागायचं आणि परत लिहितानाही ३ घालायचं. न मागता वाचलीत तर अटीच्या जागी रोलच्या नावाला विचित्र शेपूट लागलेलं दिसेल. ती पॉलिसी तशीच परत पाठवू नका.

एक नाव वाढवायला गेलो आणि

गूगलच्या सेटआयएएमपॉलिसी या कॉलबद्दल मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी विसरतो. हा कॉल यादीत नाव वाढवत नाही. जुनी यादी फाडून तुम्ही दिलेली लावतो. म्हणून आधी गेटआयएएमपॉलिसीने पूर्ण पॉलिसी वाचायची, तीत बदल करायचा आणि सगळीच्या सगळी परत पाठवायची.

आमच्याकडे एकाने नव्या सहकाऱ्याला वाचायचा हक्क द्यायला फक्त तेवढंच एक नाव पाठवलं. २०० आलं. चहा घेऊन येईपर्यंत बाकी सगळे प्रोजेक्टच्या बाहेर. ज्याचा हक्क वरच्या फोल्डरवरून खाली येत होता असा एकटा माणूस आत उरला. त्याने ऑडिट लॉगमधली (कोणी काय केलं याच्या नोंदवहीतली) त्या कॉलची नोंद काढली. कोणती बाइंडिंग निघाली आणि कोणती आली हे तिथे ओळीने लिहिलेलं असतं. त्यावरून त्याने हाताने सगळी यादी परत बसवली.

एकाचा बदल दुसऱ्याने नकळत पुसू नये म्हणून वाचलेल्या पॉलिसीसोबत एटॅग, म्हणजे त्या आवृत्तीची खूण, येतो. तुम्ही वाचल्यानंतर मधल्या वेळात दुसऱ्या कुणी बदल केला असेल तर तुमचा एटॅग जुना ठरतो आणि ४०९ (टक्कर झाल्याचा एरर) मिळतं. त्याचा अर्थ एवढाच: पुन्हा वाचा, पुन्हा बदल करा, पुन्हा पाठवा. मी पाहिलेला उपाय वेगळाच असतो. लोक रिक्वेस्टमधून एटॅगची ओळ काढतात. एरर जाते, खरंच जाते, आणि दुसऱ्याने दोन मिनिटांपूर्वी दिलेला हक्कही सोबत जातो.

मुदत

परवानगी लागू व्हायला वेळ लागतो. गूगल साधारण २ मिनिटं सांगतं, पण ७ किंवा त्याहून जास्तही लागू शकतात. ग्रुपमध्ये नाव घालून दिलेली असेल तर आणखी थांबायची तयारी ठेवा. ॲझ्युरला १० मिनिटांपर्यंत लागू शकतात. या दहा मिनिटांत जे होतं त्याचा मला सर्वात जास्त राग येतो. छोटा रोल दिला, चालला नाही, मोठा दिला, चालला नाही, शेवटी ओनर दिला आणि "चाललं!" चाललेला असतो तो पहिलाच छोटा रोल, उशिरा पोचलेला. ओनर मात्र तिथेच राहतो, कारण चालतंय त्याला हात कोण लावणार.

दुसरी मुदत संपण्याची. एडब्ल्यूएसमध्ये रोल धारण केला की मिळणारी तात्पुरती ओळख न सांगता १ तासाची असते. कमीत कमी १५ मिनिटं आणि जास्तीत जास्त १२ तास मागता येतात, तेही त्या रोलवर तेवढी मर्यादा ठेवलेली असेल तरच. एका रोलमधून दुसरा रोल धारण केला असेल तर १ तासाच्या वर काही केल्या मिळत नाही, रोलवर १२ लिहिलेले असले तरी. रात्रीचं काम बरोबर ६१व्या मिनिटाला पडत असेल तर परवानग्या तपासू नका, हे तपासा.

नाव तेच, माणूस दुसरा

सर्व्हिस अकाउंट चुकून डिलीट झालं, त्याच नावाने पुन्हा बनवलं, आता काहीच चालत नाही. पॉलिसी उघडली तर नाव दिसतं तिथेच. पण नीट पाहा: गूगलमध्ये त्याच्या आधी डिलीटेड असं लागलेलं असतं आणि शेवटी जुना आकडी आयडी. एडब्ल्यूएसच्या ट्रस्ट पॉलिसीत (रोल कोण धारण करू शकतं हे सांगणारी पॉलिसी) तर नाव जाऊन अक्षर-आकड्यांची एक माळच उरते. क्लाउड नावाला ओळखत नाही, आत नेमलेल्या आयडीला ओळखतो. जुन्या नोंदी काढून नव्याला सगळं नव्याने द्यावं लागतं. गूगलचं सर्व्हिस अकाउंट ३० दिवसांच्या आत परत आणता येतं, तेव्हा नवीन बनवायच्या आधी तो मार्ग पाहा.

आणि वरून स्पष्ट मनाई असेल, म्हणजे डिनाय, तर खाली कितीही रोल वाटा, उपयोग शून्य. मनाई परवानगीला हरवते. अशा वेळी आमच्याकडे सातव्यांदा अर्ज करू नका. ज्याने मनाई लावली त्याच्याकडे जा.

माझ्याकडे येण्याआधी

आपण कोण आहोत हे आधी विचारून घ्या. एडब्ल्यूएसचा गेटकॉलरआयडेंटिटी हा कॉल कुठल्याही परवानगीशिवाय चालतो. निम्म्या वेळा असं निघतं की स्क्रिप्ट तुमच्या नावाने चालतच नव्हती, कुणाची तरी जुनी की कुठल्या तरी फाइलमध्ये पडून होती. गूगलकडे टेस्टआयएएमपरमिशन्सला परवानग्यांची यादी द्या, त्यातल्या तुमच्याकडे असलेल्या तेवढ्या तो परत करतो. हा कॉल अर्जदारानेच करायचा. ॲडमिन स्वतः करून पाहतो आणि "माझ्याकडे तर चालतंय" म्हणतो. त्याच्याकडे चालणारच!

मग एरर पाठवा, पण अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या, शेवटच्या अक्षरापर्यंत. एडब्ल्यूएसच्या नकारात कोणाला, काय करायला आणि कशावर हे तिन्ही रकाने बहुतेक वेळा भरून आलेले असतात. पुढे कारणही असतं: कुठल्याच पॉलिसीने परवानगी दिलेली नाही, की कुणी स्पष्ट मनाई केली आहे. ही ओळ लांब असते, स्क्रीनबाहेर जाते आणि स्क्रीनशॉटमध्ये हमखास तिचंच शेपूट कापलेलं असतं.