लाखेने बंद केलेले पाकीट आणि लेखकाचा हक्क

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका ज्येष्ठ कवयित्रींच्या कपाटात मी एक पाकीट पाहिले: लाखेच्या तीन मोहरा, स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेले, वीस वर्षे न उघडलेले. आत कवितांचे हस्तलिखित आहे. असे केल्याने कॉपीराइट मिळतो, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती चुकीची आहे.

भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ साहित्यकृती लिहून होताच तिच्यावर लेखकाचा हक्क आपोआप निर्माण होतो आणि तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे, मात्र वाद न्यायालयात गेल्यास नोंदवहीतील नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, आणि तसे वजन पाकिटाला कायद्याने दिलेले नाही. आयएसबीएन हा तर केवळ पुस्तक ओळखण्याचा 13 अंकी क्रमांक. तो भारतात सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि त्याचा मालकीशी काहीही संबंध नाही.

खरी काळजी घ्यायची ती प्रकाशकाच्या करारावर सही करताना, कारण हक्क बहुधा तिथेच हातचे जातात. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द दिसले, तर कृपया तिथे थांबा आणि मुदत, भाषा, ई-पुस्तक व ध्वनिपुस्तक यांचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या.