कोळशी कूज (चारकोल रॉट)

मॅक्रोफोमिना फॅसिओलिना या बुरशीमुळे सोयाबीन, तीळ, सूर्यफूल, भुईमूग इ. तेलबियांची मुळे व बुंधा कुजण्याचा रोग. ज्वारीवर याच बुरशीमुळे ‘खडखड्या’ पडतो. वाळलेल्या झाडाचा बुंधा चिरला असता सालीखाली कोळशाच्या भुकटीसारखे काळे कण दिसतात. हे कण म्हणजे घट्ट झालेले कवकजाल, अर्थात जालाश्म.

नामकरण बरेच घोळाचे आहे. तासी यांनी १९०१ मध्ये बुरशीचे बीजाणुधारी रूप मॅक्रोफोमा वंशात घातले. रताळ्यावरील केवळ जालाश्मांच्या रूपाला टॉबेनहाउस यांनी १९१३ मध्ये स्क्लेरोशियम बटाटिकोला म्हटले. पुढे ते ऱ्हायझोक्टोनिया वंशात गेले. ॲशबी यांनी १९२७ मध्ये ही दोन्ही रूपे एकाच बुरशीची मानली. प्रचलित नाव गोइदानिच यांचे (१९४७). हरभऱ्याच्या मूळकुजीवरील भारतीय लेखनात मात्र ऱ्हायझोक्टोनिया बटाटिकोला हेच नाव अजून आढळते.

बुरशीला सु. २८° ते ३५° से. तापमान व कोरडी जमीन मानवते. जालाश्म जमिनीत २ ते १५ वर्षे टिकतात, असे निरनिराळे अंदाज आहेत; चिबडलेल्या जमिनीत ते फार लवकर निकामी होत असल्याने ओल लक्षात न घेता या आकड्यांची तुलना करणे बरोबर नाही. पावसाचा खंड बुरशीला थेट पोसतो की झाडाला दुबळे करतो, याविषयी मतभेद आहेत. इतर सूक्ष्मजीव मंदावतात अशा कोरड्या मातीतही ती वाढते, हे खरे. तरी दुसरे मत अधिक पटते. कारण लागण रोपावस्थेत होऊनही झाड बहुधा शेंगा भरेपर्यंत तगते.

विदर्भातील कोरडवाहू सोयाबीनला हा खंड नेमका ऑगस्टमध्ये, फुलोरा व शेंगांच्या वेळी गाठतो. बियाणे, खत, निंदण असा सगळा खर्च तोवर होऊन गेलेला असतो. भारी काळ्या जमिनीत ओल काही दिवस पुरते; बरड, मुरमाड उतारावरचे पीक आधी माना टाकते. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ठरलेल्या ऑगस्ट २०२३ नंतर नागपूर, यवतमाळ भागांत सोयाबीन पिवळे पडून वाळले. त्यात पिवळा मोझॅक या विषाणुरोगाचाही हात होता. दोहोंचे नुकसान वेगळे काढणे कठीण.

खंडात एखादे संरक्षित ओलित, विरळ पेरणी व ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीची बीजप्रक्रिया सुचवली जाते. ज्वारी व हरभरा हेही बुरशीचे आश्रयदाते असल्याने त्यांच्या फेरपालटीने जमिनीतील जालाश्मांचा साठा संपत नाही.