खान कोणाला म्हणायचं?

मध्य आशियात एक जुना दंडक होता: खान म्हणवून घ्यायचं तर अंगात चंगेजखानाचं रक्त हवं. तैमूरनंही तो पाळला. गादीवर नावापुरता चंगेजवंशी खान बसवून तो स्वतः ‘अमीर’च, म्हणजे सरदारच राहिला.

उझबेक टोळ्यांचा प्रमुख मुहंमद शैबानी याला ती अडचण नव्हती, तो चंगेजच्या थोरल्या मुलाचा, जोचीचा वंशज. १५०१ मध्ये त्यानं बाबराला समरकंदमधून हुसकावलं. बाबर आधी काबूलला आणि मग हिंदुस्थानात आला, तो या पराभवामुळेच. १५१० मध्ये मर्वजवळ इराणच्या शाह इस्माईलनं शैबानीला मारलं आणि त्याची कवटी सोन्यानं मढवून तिचा प्याला केला. तरी उझबेक हटले नाहीत. बुखाऱ्याचं राज्य शैबानीच्या भाऊबंदांकडे राहिलं, खिव्याचं १५११ पासून जोचीच्याच दुसऱ्या शाखेकडे गेलं.

दिल्ली लुटून परतलेल्या नादिरशाहानं १७४० मध्ये दोन्ही राज्यं वाकवली आणि खानांची उरलीसुरली पत गेली. खरी सत्ता आता टोळीप्रमुखांच्या हाती होती. आपल्याकडचे छत्रपती-पेशवे आठवावेत, तसंच काहीसं. बुखाऱ्यात १७४७ मध्ये खानाचा खून झाला. मंगीत टोळीचा मुहंमद रहीम १७५६ मध्ये स्वतःच खान झाला, पण त्याच्या वारसांना ते पेललं नाही. १७८५ मध्ये शाह मुराद गादीवर आला, तो ‘अमीर’ म्हणून. खिव्यात कोंग्रात टोळीचे प्रमुख स्टेपच्या गवताळ मैदानांतून चंगेजवंशी पोरं आणून बसवत आणि नकोशी झाली की परत धाडत. या प्रकाराला नावच पडलं होतं: खानबाजी. १८०४ मध्ये एल्तुझरनं तो खेळ मोडून किताब स्वतःच घेतला.

तिसरं राज्य कोकंदचं, त्याची शक्कल सगळ्यात गमतीची. मिंग टोळीच्या या घराण्याकडे चंगेजपर्यंत जाणारी वंशावळ नव्हती, म्हणून कथा रचली गेली: पळताना बाबरानं (तो आईकडून चंगेजवंशी) सोन्याच्या पाळण्यात एक तान्हं बाळ मागे सोडलं, आम्ही त्याचे वंशज! बुखाऱ्याचा अमीर नसरुल्ला या कथेनं मुळीच दबला नाही. १८४२ मध्ये त्यानं कोकंद घेऊन तिथल्या खानाला आणि त्याच्या कवयित्री आईला, नादिराला, ठार केलं.

ही भांडणं रशियाच्या पथ्यावर पडली. १८६५ मध्ये ताश्कंद, १८६८ मध्ये समरकंद गेलं. बुखारा आणि १८७३ मध्ये खिवा मांडलिक झाले. कोकंदचं राज्य १८७६ मध्ये खालसा झालं. उरलेल्या दोन्ही गाद्या १९२० मध्ये बोल्शेविकांनी उलथवल्या. बुखाऱ्याचा शेवटचा अमीर आलिमखान काबूलला पळाला आणि १९४४ मध्ये तिथेच वारला.