पार्श्वभूमी : शिरगणतीत कमी भरलेले साडेचार लाख

1891 च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानात 24 लाख 15 हजार माणसे मोजली गेली. दहा वर्षांनी, 1901 मध्ये, भरली 19 लाख 52 हजार. मधल्या काळात लढाई झाली नव्हती. पडला होता तो संवत 1956 चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत अजूनही छप्पनिया म्हणतात. 1899 चा पाऊस गेला, गुरे गेली आणि पाठोपाठ पटकी नि हिवताप आले.

देशाची पुढची जनगणना 2027 मध्ये होणार आहे. आकडा आला की 'लोकांनी भरमसाट मुले जन्माला घातली' हे वाक्य पुन्हा ऐकू येईल. ते मला पटत नाही, कारण आमच्याच बडोद्याचे, वर दिलेले संस्थानाचे आकडे वेगळे सांगतात.

साडेचार लाखांची ती तूट सगळी मृत्यूंची नव्हती. उपाशी बाईला दिवस राहत नाहीत, लग्ने लांबतात, माणसे गाव सोडून पोटामागे जातात. म्हणजे दुष्काळ जिवंत माणसे नेतो आणि होऊ घातलेली मुलेही. ही खोट भरून यायला किती काळ लागला, पाहा : 1921 मध्येही संस्थानची वस्ती 21 लाख 26 हजारच होती. 1891 चा आकडा ओलांडला गेला तो थेट 1931 मध्ये. तब्बल चाळीस वर्षांनी.

आणि या चाळीस वर्षांत पाळणे काही रिकामे नव्हते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी वंशावळीचा एक कागद आहे. पणजोबांच्या नावाखाली सात मुलगे. त्यांतल्या चौघांपुढे 'बालपणी निवर्तला' एवढेच लिहिले आहे. मुलींची तर नोंदच नाही, तेव्हा किती झाल्या आणि किती गेल्या हे कळायला मार्ग नाही. वाचलेल्या तिघांतल्या एकाचे नाव धोंडू. आधीची मुले दगावली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायचे, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावरून सरकेल. पाचवीला सटवाई पुजायची तीही याच धास्तीने. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' या आशीर्वादात हौस कमी आणि हिशेब जास्त होता : आठ झाली तर तीन-चार हाताशी लागतील. राजवाडाही अकाली मृत्यूतून सुटला नव्हता. सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई 1885 मध्ये, ऐन विशीत, क्षयाने गेल्या.

देशभर हेच चित्र होते. 1911 ते 1921 या दशकात हजारी जन्म 48 च्या आसपास आणि मृत्यूही जवळपास तेवढेच. 1918 च्या इन्फ्लुएंझाने तर देशाची लोकसंख्या 25.2 कोटींवरून 25.1 कोटींवर आणली. सरासरी आयुर्मान होते वीस वर्षांच्या आसपास. याचा अर्थ माणसे विशीत म्हातारी होत होती असा नव्हे. तान्ह्या मुलांचे मृत्यू इतके होते की सरासरी खाली ओढली जात होती. शतकानुशतके बहुतेक देशांचे असेच चालले होते : भरपूर जन्म, भरपूर मृत्यू, आणि हाती उरणारी वाढ चिमूटभर.

युरोपात ही गाठ आधी सुटली. स्वीडनमध्ये 1749 पासून जन्म-मृत्यूंचे तक्ते ठेवले गेले, म्हणून तिथली हालचाल स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मृत्यू घटू लागले, जन्म मात्र त्या शतकाच्या अखेरीस. मधल्या फटीत लोकसंख्या फुगली, आणि दहा लाखांहून अधिक लोक अमेरिकेला गेले तरी ती वाढतच राहिली. फ्रान्सने मुले आधीच कमी केली, म्हणून तो एकोणिसाव्या शतकात तीन कोटींच्या आसपासून जेमतेम चार कोटींपर्यंत पोचला. तेवढ्याच काळात ब्रिटन एक कोटीवरून 3.7 कोटींवर गेले.

आपल्याकडे ही फट 1921 नंतर पडली आणि स्वातंत्र्यानंतर रुंदावली. देवीची लस, हिवतापाविरुद्धची फवारणी, प्रतिजैविके, दुष्काळात पोचणारे धान्य. स्वीडनला शंभर वर्षे लागली ते इथे तीन-चार दशकांत घडले. जन्म वाढले नाहीत, मुले जगू लागली. 1951 मध्ये 36 कोटी असलेला देश 2001 मध्ये 102 कोटींच्या वर गेला, यातला मोठा वाटा जगलेल्या मुलांचा आहे. ही गोष्ट दोष म्हणून सांगितली जाते याचे मला वाईट वाटते.

जन्म घटायला वेळ लागतो, कारण आधी आईबापांची खात्री पटावी लागते की झालेले मूल जगेल. दुसरी गोष्ट लागते ती मुलींची शाळा आणि लग्नाचे वय. बडोद्यात सयाजीरावांनी 1904 मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा केला. दंड भरून लग्ने होतच राहिली. 1906 मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण साऱ्या संस्थानात आले, मुलींनाही. या दोहोंतली शाळाच मला अधिक मोलाची वाटते. तिचे फळ मात्र शाळेत गेलेल्या मुलींच्या मुली-नातींच्या संसारांत दिसते, त्याआधी नाही.

1950 च्या सुमारास भारतात एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 2.0 आला, गुजरातचा 1.9, महाराष्ट्राचा 1.7. तरी लोकसंख्या आणखी काही दशके वाढेल, कारण मागच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आता आया होत आहेत. दोन-दोनच मुले झाली तरी आयाच पुष्कळ आहेत.

2027 चे तक्ते हाती आले की मी एकूण बेरजेच्या आधी शून्य ते सहा वर्षांचा रकाना उघडणार आहे. 2001 ते 2011 या दहा वर्षांत देशात 18 कोटी माणसे वाढली. त्या रकान्यातली मुले मात्र दोन्ही वेळा साडेसोळा कोटींच्या आसपासच होती.