काळी, तांबडी आणि अडकलेलं स्फुरद

माझ्या खिडकीत लोणच्याच्या दोन जुन्या बरण्या आहेत. एकीत रत्नागिरीकडच्या मामाच्या वरकसातली (डोंगरउताराच्या जमिनीतली) तांबडी माती, दुसरीत सोलापूरच्या काकाच्या शेतातली काळी. गेल्या दिवाळीत दोन्ही आणल्या. घरच्यांच्या मते हे खूळ आहे. आणल्या त्याच दिवशी दोन्हींतली चमचा-चमचाभर माती बशीत काढली आणि वर लिंबू पिळलं. तांबडीने रस गुमान पिऊन टाकला. काळीत मात्र पांढरट खड्यांभोवती बारीक बुडबुडे उठले. कान जवळ नेला तर सोडावॉटरसारखी चुरचुर ऐकू येत होती. ती चुनखडी. काकाची डोकेदुखी.

प्रयोगशाळेच्या अहवालात तांबडीचा सामू (pH; जितका कमी, तितकी माती आम्ल) आला ५.५ आणि काळीचा ८.२. आकड्यांत अंतर फार दिसत नाही, पण सामूची पट्टी दहाच्या पटीने चढते. म्हणजे या दोन मातींच्या आम्लतेत जवळजवळ पाचशे पटींचा फरक आहे. आणि तरी या दोघी सख्ख्या बहिणी. एकाच दगडाच्या पोटी जन्मलेल्या.

तो दगड म्हणजे आपला काळा कातळ, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. रत्नागिरीखाली तोच दगड, सोलापूरखालीही तोच. फरक पडला तो वरून किती पाणी गेलं यात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, सोलापुरात सहाशे-सातशे. पहिल्या ठिकाणी पाण्याने दगडातला चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन समुद्रात नेली. मागे उरलं ते पाण्याला न जुमानणारं लोह आणि ॲल्युमिनियम. त्याचाच थर कडक झाला की जांभा होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरने मलबारात असा दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट हे नाव दिलं. आमच्या मामाचं घर त्याच दगडाच्या चिऱ्यांचं आहे. ज्या मातीत भाकरी पिकवायची तिचीच भिंत, असं तो हसत सांगतो.

सोलापुरात एवढं धुऊन न्यायला पाणीच नव्हतं. सिलिका राहिली, मॅग्नेशियम राहिलं, आणि त्यातून वेगळी चिकणमाती घडली. दोन्ही चिकणमातींची घडण पापुद्र्यांची. कोकणातल्या मातीत सिलिकाचा एक पापुद्रा आणि ॲल्युमिनियमचा एक, असे जोडीजोडीने घट्ट चिकटलेले. काळ्या मातीत सिलिकाच्या दोन पोळ्यांच्या मधे ॲल्युमिनियमचं सारण. या सारणात काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं. त्याने पापुद्र्यावर ऋण भार येतो, आणि त्या भारापायी कॅल्शियम, पालाश असले धन कण पापुद्र्यांच्या मधे थांबतात. पाणीही तिथेच शिरतं. म्हणून काळी फुगते, आणि उन्हाळ्यात आटली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ ऐकून मी चाट पडलो होतो. काळ्या मातीतल्या शुद्ध चिकणकणांचा एक ग्रॅम उलगडून पसरला तर सहाशे ते आठशे चौरस मीटर भरतो. कबड्डीचं मैदान तेरा मीटर गुणिले दहा. म्हणजे चिमूटभर मातीत पाच-सहा मैदानं! कोकणातल्या चिकणकणांचा ग्रॅम पसरला तर जेमतेम एक खोली. तांबडी माती खत धरून ठेवत नाही, दोन पावसांत धुऊन जातं, ही मामाची तक्रार इथून येते. मीटरभर खोल काळी पिकाच्या कामाचं २०० मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते, आणि काकाची मालदांडी ज्वारी थंडीत त्याच शिदोरीवर निघते, हेही इथूनच. वर पाऊस नसतो. भेगा बुजवायला कोळपं फिरवायचं, बस. जुनी माणसं एका कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात ते उगाच नाही.

जाता जाता एक गैरसमज. काळी म्हणजे कसदार, काळी म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याने भरलेली, असं बरेच जण धरून चालतात. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्ध्या-पाऊण टक्क्याच्याही आत असतो. जो थोडा ह्यूमस असतो तो चिकणकणांना इतका घट्ट बिलगतो की तेवढ्यानेच सगळी माती काळी दिसते. रंगावर जाऊ नये.

आता डीएपी या खताची (डाय-अमोनियम फॉस्फेट) गोणी. ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २३ किलो स्फुरद (फॉस्फरस, खताच्या भाषेत P₂O₅ नावाने मोजलेलं). मामाही टाकतो, काकाही टाकतो. दोघांच्याही पहिल्या पिकाच्या तोंडी त्यातला पाचवा हिस्सा लागला तरी पुष्कळ. बाकीचं कुठे जातं? नत्रासारखं ते हवेत उडत नाही, सहजी वाहूनही जात नाही. ते शेतातच असतं, पण अडकलेलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मजेशीर वाटतं ते हे, की दोन बहिणींनी अडकवण्याच्या रीती अगदी उलट्या निवडल्यात. तांबडीत लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा पृष्ठभाग फॉस्फेटला नुसता ओढत नाही, त्याच्याशी पक्का रासायनिक बंध जोडतो. काळीत चुना फॉस्फेटला धरतो. सुरुवातीला बनणारं कॅल्शियम फॉस्फेट थोडंफार विरघळतं, पण दिवस जातील तसं ते आणखी न विरघळणाऱ्या रूपाकडे सरकत जातं. शेवटी ते आपल्या हाडादातांतल्या खनिजाच्या जवळपास पोचतं. हाड मुळांनी चावायचं कसं?

स्फुरद सर्वांत मोकळं असतं ते सामू सहा ते सातच्या दरम्यान. मामा त्याच्या अलीकडे, काका पलीकडे.

आणि तरीही कोकणात भात पिकतो. शतकानुशतकं, खताच्या गोणीच्या आधीपासून. याचं उत्तर खाचराच्या चिखलात आहे. श्रीलंकेचे रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नांपेरुमा यांनी फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत बुडालेल्या मातीचं रसायन वर्षानुवर्षं तपासलं आणि १९७२ मध्ये ते सविस्तर मांडलं. चिखलणी करून पाणी साठवलं की मातीतला प्राणवायू दिवसाभरात संपतो. मग जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह. तांबड्या गंजातलं लोह त्यांनी वापरलं की ते विरघळणाऱ्या रूपात येतं, आणि त्याला चिकटलेलं फॉस्फेट मोकळं होतं. शिवाय या क्रियेत आम्लता खर्ची पडते, त्यामुळे काही आठवड्यांत सामू वर चढून सातच्या जवळ येतो. चुनखडीच्या मातीत भात लावला तर उलट होतं. कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तिचा सामू खाली उतरतो, तोही सातकडेच. पाणी दोन्ही बहिणींची समजूत काढतं.

हे डोळ्यांनी दिसतं. श्रावणात खाचराच्या कडेला साचलेल्या पाण्यावर तेल सांडल्यासारखा रंगीत तवंग असतो. काडीने मोडा. तेल असेल तर पुन्हा जुळेल; हा मात्र काचेसारखा तडकतो आणि तुकडे तसेच तरंगत राहतात. ते वर येऊन पुन्हा गंजलेलं लोह. एखादं रोप उपटून मुळं धुतली तर त्यांच्यावर विटकरी लेप दिसेल. भाताच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर झिरपतो. तिथेच लोह गंजतं आणि मुळाच्या अंगावर बसतं. त्यामुळे जास्तीचं लोह मुळात शिरत नाही. मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “तांबडी मुळं म्हणजे रोप लागलं. आम्ही तेवढंच बघतो.”

वरकसाला हा उपाय नाही. तिथे पाणी थांबतच नाही.

लोहाचं उलटं नाटक काकाकडे चालतं. बेसॉल्टमध्ये वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त लोहाची ऑक्साइडं असतात. काळी माती लोहाने भरलेली आहे, आणि तिच्यात उभा ऊस लोहावाचून पिवळा पडतो. खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकात, विशेष. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पुढे पांढरट. आमच्याकडे त्याला केवडा म्हणतात. सामू एकाने वाढला की विरघळलेल्या लोहाचं प्रमाण हजारपट घटतं. दोनाने वाढला तर दहा लाख पट. म्हणून हिराकस (लोहाचं सल्फेट) नुसतं जमिनीत टाकून फारसं काही होत नाही, तेही तिथल्या गंजात सामील होतं. पानांवर फवारलं, किंवा शेणखतात मुरवून दिलं, तर उपयोग.

स्फुरदाचंही सूत्र तेच: मातीशी गाठ जितकी कमी, तितकं पिकाला जास्त. खत फेकून दिलं की प्रत्येक दाणा चहूबाजूंनी मातीच्या तावडीत सापडतो. दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत एकदम पेरणाऱ्या अवजाराने) बियाण्याच्या शेजारी, जरा खाली पेरलं की ते एका ओळीत एकवटतं आणि आसपासची माती तेवढ्यापुरती भरून जाते. ही पाभर जुनीच आहे, पण हाताने खत विस्कटणं सोपं, म्हणून ते चालू राहतं. शेणखताचा फायदा दोन्हीकडे. कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं फॉस्फेटच्या आधी जागा अडवून बसतात. खनिज फॉस्फेटची स्वस्त भुकटी मात्र मामाच्या आम्लात हळूहळू विरघळते आणि काकाकडे दगडासारखी पडून राहते. तीच भुकटी, तोच भाव.

काकाला हे सगळं फोनवर सांगितलं. जरा वेळ गप्प बसून तो म्हणाला, “मग त्या कोकणातली तांबडी माती ट्रकने आणून उसात टाकू का? लोखंडच लोखंड हाय की तिच्यात.”

नाही चालणार. ते लोह आधीच गंजलेलं, आणि काकाच्या चुन्यात ते आणखी गप्प बसेल. मामाने विचारलेला उलटा प्रश्न जास्त शहाणा होता: काळीतली चुनखडी वरकसात टाकली तर? रसायन बरोबर आहे, आम्लता कमी होईल. पण हेक्टरी टनांच्या हिशेबात चुना लागतो, आणि तो काळ्या मातीतून द्यायचा तर त्याच्या कितीतरी पट माती घाट उतरवून आणावी लागेल. त्यापेक्षा किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना जवळ पडतो. मामाने यंदा नाचणीच्या दोन गुंठ्यांत तो टाकलाय.