स्फटिकवाढ आणि कंपन

द्रावणातून स्फटिक वाढत असताना भांड्याला बसणारे हादरे, ढवळणे किंवा ध्वनिलहरी यांचा त्या वाढीवर होणारा परिणाम. भांडे हलले की स्फटिक बिघडतो, असे प्रयोगशाळेत सर्रास सांगतात. ते अर्धेच खरे आहे. नव्या स्फटिकांचा जन्म आणि असलेल्या स्फटिकाची वाढ या दोन वेगळ्या क्रिया असून कंपनाचा दोन्हींवर वेगवेगळा परिणाम होतो.

तुरटी 100 मिलि पाण्यात 20° से. तापमानाला सुमारे 14 ग्रॅम, तर 50° से. ला सुमारे 37 ग्रॅम विरघळते. गरम संपृक्त द्रावण सावकाश निवू दिले, तर जास्तीची तुरटी लगेच बाहेर पडत नाही. द्रावण काही काळ अतिसंपृक्त, म्हणजे मावेल त्याहून जास्त तुरटी धरून, राहते. अशा वेळी टेबलाला धक्का लागला, तर एकदम असंख्य बीजे (नव्या स्फटिकांचे सूक्ष्म आरंभकण) तयार होऊ शकतात आणि तळाशी नुसता रवा साचतो. दोऱ्याला टांगलेला बीजस्फटिक काचेवर आपटला, तरी त्याचे सूक्ष्म तुकडे सुटतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र वाढू लागतो. मोठ्या स्फटिकाच्या वाट्याची तुरटी अशी बारक्यांत वाटली जाते.

वाढीचे तसे नाही. वाढत्या पृष्ठाला लागून असलेले द्रावण फिके पडते. संथ, एकसारखी हालचाल हा फिका थर पातळ करते आणि वाढीचा वेग वाढवते. म्हणूनच लेसरसाठी लागणारे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे मोठे स्फटिक द्रावणात फिरवत, मधूनमधून दिशा उलटवत वाढवतात. घातक ठरतात ते अनियमित हादरे: वाढीचा वेग वरखाली होतो, द्रावणाचे थेंब आत अडकतात आणि स्फटिक दुधी दिसतो.

कोकणात हे उघड्यावर पाहायचे असेल, तर उन्हाळ्यात मिठागर गाठावे. शिरोड्याची मिठागरे 1930 च्या सत्याग्रहामुळे सर्वांना ठाऊक आहेत. पेण-उरणकडचे आगरही जुने. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही (100 मिलि पाण्यात 20° से. ला सुमारे 36 ग्रॅम, 100° से. ला 39), त्यामुळे येथे पाणी आटवावेच लागते. वारा पडला की खाऱ्या पाण्यावर मिठाची पापडी धरते. जवळून पाहिले, तर त्यात उलट्या पिरॅमिडसारखे पोकळ, पायऱ्यापायऱ्यांचे स्फटिक पृष्ठताणावर तरंगताना दिसतात. वारा सुटून पाणी हलले की ते बुडतात आणि पुढे तळाशी भरीव वाढतात. तळचे मीठ हलवत राहिले नाही, तर दाणे एकमेकांत रुतून लादी होते.

किनाऱ्यावरील महाविद्यालयांत पावसाळ्यात मिठाचा प्रयोग लावण्यात अर्थ नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठच पाणी ओढून घेते. त्या दिवसांत तुरटी निववून घेणे बरे. चंचुपात्र वाळूच्या परातीत, तळमजल्याच्या फरशीवर, पंप आणि पंख्यापासून दूर ठेवावे. कॅल्शियम टार्ट्रेटसारख्या अल्पविद्राव्य पदार्थांसाठी सिलिका जेल वापरतात; जेलमध्ये द्रावणाचे प्रवाहच उठत नाहीत.

औषधनिर्मितीत मात्र बारीक आणि सारख्या आकाराचे कण हवे असतात. तेथे 20 किलोहर्ट्झच्या वरचे श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणारे) कंपन मुद्दाम देतात. त्याने द्रावणात सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात आणि कमी अतिसंपृक्ततेतही बीजे धरतात.